कुत्रा लंगडतोय, पण दवाखाना किती लांब? प्राण्यांच्या सांधेदुखीवरचे उपचार आणि इनामगाव ते महालक्ष्मी हे अंतर

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगातलं एक अख्खं शेतकरी गाव मातीखालून वर आलं. घरं, धान्याची कोठारं, अंगणातली दफनं असं बरंच काही सापडलं. त्यात जनावरांची हाडंही होती. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा. म्हणजे या गावात माणसाच्या पायाशी कुत्रा बसतोय त्याला तीन हजार वर्षं तरी नक्की झाली.

आजही या पट्ट्यात कुत्रा हा शोभेचा प्राणी नाही. घोड आणि भीमा यांच्या दरम्यान ऊस वाढला आणि उसात बिबट्या मुक्कामाला आला. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, तेव्हा ही गोष्ट राज्यभर पोहोचली. वस्तीवर बिबट्या आल्याची पहिली खबर देतो तो कुत्रा, आणि बिबट्याचं सोपं भक्ष्यही तोच. अशा ठिकाणी तीन पायांवर लंगडणारा कुत्रा रात्री किती सुरक्षित असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग त्याच्या पायावर उपचार कुठे होतात? या प्रश्नाचं उत्तर गेल्या दोन वर्षांत थोडं बदललंय. जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी इथं टाटा ट्रस्टचं 'स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल' सुरू झालं. कुत्रा, मांजर, ससा अशा लहान पाळीव प्राण्यांसाठीचं हे रुग्णालय. खर्च सुमारे १६५ कोटी रुपये, पाच मजली इमारत, चोवीस तास तातडीची सेवा आणि दोनशेच्या आसपास प्राण्यांवर उपचारांची सोय. समाजमाध्यमांवर तेव्हा 'माणसांना बेड मिळत नाहीत आणि कुत्र्यांना हॉस्पिटल' अशा प्रतिक्रियाही भरपूर आल्या. पण हे रुग्णालय उभं राहण्यामागे जी गोष्ट आहे, ती सांध्याच्या एका शस्त्रक्रियेची आहे.

टाटांचा कुत्रा अमेरिकेला का गेला?

रतन टाटा यांनी २०२४च्या सुरुवातीला एका मुलाखतीत सांगितलं होतं की, त्यांच्या एका कुत्र्याला सांधा बदलण्याची गरज होती. त्यासाठी ते त्याला विमानानं अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात घेऊन गेले. पण तोपर्यंत उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही. डॉक्टरांनी तो एका ठरावीक स्थितीत कायमचा जखडून टाकला. अशा शस्त्रक्रियेला आर्थ्रोडेसिस म्हणतात. सांध्याची हालचाल संपते, पण त्याबरोबर दुखणंही जातं आणि प्राणी ताठ पायावर चालू शकतो. तिथलं रुग्णालय पाहून असं काही भारतात हवं, हे टाटांच्या मनात बसलं.

आता यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांच्या खिशाला काहीच जड नव्हतं, त्यांनाही उशीर झाला. सांध्याच्या आजारात पैसा, यंत्रं आणि सर्जन हे सगळं नंतर येतं. त्याआधी कुणाला तरी लंगडणं दिसावं लागतं आणि दिसल्यावर दोन-चार दिवसांत कुठे तरी जावं लागतं.

रुग्णालयालाही वेळ लागलाच. २०१७ मध्ये राज्य सरकारशी करार झाला, तेव्हा जागा नवी मुंबईतल्या कळंबोलीची ठरली होती. पण तातडीच्या वेळी मुंबईतून तिथवर पोहोचण्यात प्राण्याचा जीव जाईल, या विचारानं जागा बदलली गेली. मधे कोविड आला. शेवटी मुंबई महापालिकेच्या महालक्ष्मीतल्या जागेवर इमारत झाली. रुग्णालय सुरू झालं त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला टाटा गेले. कळंबोली लांब पडते म्हणून महालक्ष्मी निवडावी लागली, हे तर्कशास्त्र इनामगावात बसून वाचलं की वेगळंच वाटतं.

सांध्याचं होतं काय?

कुत्र्यांमध्ये हाडा-सांध्यांचे जे आजार वारंवार दिसतात, त्यांचे ढोबळ तीन गट पडतात. जन्मजात ठेवणीतले, झिजेचे आणि अपघाताचे.

ठेवणीतला सर्वांत प्रसिद्ध आजार म्हणजे हिप डिस्प्लेशिया. खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचा गोल डोका कमरेच्या हाडातल्या खोबणीत घट्ट बसायला हवा. काही पिल्लांमध्ये तो सैल बसतो. वाढत्या वयात दर पावलाला डोका खोबणीच्या कडेवर घासतो, कूर्चा झिजते आणि वर्षा-दोन वर्षांत संधिवात सुरू होतो. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या मोठ्या जातींत हे जास्त. लहान जातींची तक्रार वेगळी. पॉमेरेनियन, पग अशांची गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. चालता चालता कुत्रा मधेच एक मागचा पाय उचलतो, दोन-तीन उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालायला लागतो. मालकाला हा 'नखरा' वाटतो आणि त्याचा व्हिडिओ काढून टाकला जातो.

गुडघ्यातला एक अस्थिबंध तुटणं हाही नेहमीचा प्रकार आहे. क्रिकेटपटू किंवा फुटबॉलपटूचा गुडघ्याचा लिगामेंट तुटला अशा बातम्या येतात, तोच हा. फरक इतकाच की कुत्र्यांमध्ये तो बहुतेक वेळा एका झटक्यात तुटत नाही. महिनोन् महिने दोर उसवावा तसा विरत जातो आणि एके दिवशी साध्या उडीत तुटतो. एका पायाचा तुटला की पुष्कळ कुत्र्यांच्या दुसऱ्या पायाचाही पुढेमागे तुटतो.

आणि अपघात. खेड्यातल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत हाच गट मोठा. दुचाकी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली. गावठी कुत्रा हलका, काटक असतो आणि कुणी त्याची पैदास रूपासाठी केलेली नसते, त्यामुळे खुब्याच्या आजारानं तो दवाखान्यात क्वचित येतो. तो येतो मोडलेल्या मांडीनं.

एक गोष्ट मात्र गोंधळात टाकते. लंगडणारा प्रत्येक कुत्रा हाडाचा रुग्ण नसतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात सांधे सुजतात. आज पुढचा पाय, उद्या मागचा, सोबत ताप आणि खाणं बंद, असं दिसलं तर आधी रक्ततपासणी लागते. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर एका सात महिन्यांच्या कुत्र्यासाठी रक्तदाता शोधून द्या असं आवाहन केलं होतं, तेव्हा त्यातही गोचीड-तापाचाच संशय लिहिलेला होता. आणि अनोळखी कुत्रा अचानक मागून लुळा पडत असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल तर त्याला हात लावू नये. रेबीजचा एक प्रकार असाच दिसतो.

दुखणं दिसत नाही, सवयी बदललेल्या दिसतात

'कुत्रा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही' हा समज फार पसरलेला आहे. जुनाट सांधेदुखीत कुत्रा सहसा ओरडत नाही. तो आपलं वागणं बदलतो. सकाळी उठायला वेळ लावतो. जिन्यापाशी थांबतो. पळताना दोन्ही मागचे पाय ससा टाकतो तसे एकदम टाकतो. बसताना एक पाय पोटाखाली न घेता बाजूला पसरतो. एकच सांधा सारखा चाटतो. काही आठवड्यांनी एक मांडी दुसरीपेक्षा बारीक झालेली हाताला कळते. मालक म्हणतो, 'वय झालं आता त्याचं.' वय हा आजार नाही, पण पशुवैद्याकडे जाणं टाळण्याचं सर्वांत सोयीचं कारण आहे.

मांजर तर याहून अवघड. तिचं लंगडणंही दिसत नाही. ती फक्त उंचावर उड्या मारायचं बंद करते, पाठीवरचे केस चाटून साफ करेनाशी होते, कधी मातीच्या ट्रेबाहेर घाण करते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यातल्या ९० टक्के मांजरांत सांध्यांची किंवा मणक्यांची झीज होती.

घरच्या घरी करता येण्यासारखी आणि पूर्णपणे फुकट तपासणी म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. कुत्रा समोरून येताना, मागून जाताना आणि बाजूनं चालताना, असे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तीन तुकडे. दवाखान्याच्या अनोळखी वातावरणात घाबरलेला कुत्रा अनेकदा लंगडणंच विसरतो. तेव्हा डॉक्टरांना हे तुकडे फार उपयोगी पडतात.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमकं काय करतात?

नाव ऐकून धास्ती वाटते, पण सगळ्याच शस्त्रक्रिया काही महालक्ष्मीला जाऊन करायच्या नसतात. खुबा पार बिघडला असेल तर मांडीच्या हाडाचा गोल डोका कापून काढण्याची एक जुनी पद्धत आहे. हाडाला हाड घासणं थांबतं आणि भोवतालचे स्नायू मिळून एक नवा, कामचलाऊ सांधा तयार करतात. साधारण वीस किलोच्या आतल्या कुत्र्यांना आणि मांजरांना ही पद्धत चांगली मानवते. प्लेट लागत नाही, आयात केलेला सुटा भाग लागत नाही. अनुभवी सर्जन, नीट भूल आणि नंतरचा व्यायाम लागतो. याउलट पूर्ण खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यांमध्ये १९७०च्या दशकापासून होते आहे, पण तिला कृत्रिम सांधा, खास हत्यारं आणि निर्जंतुकीकरणाची कडक व्यवस्था हवी. तिथे मोठ्या रुग्णालयाला पर्याय नाही.

गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेल्या मोठ्या कुत्र्यांसाठी टीपीएलओ नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी ती १९९३ मध्ये मांडली. तिच्यामागची कल्पना सुबक आहे. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग उतरता असतो, त्यामुळे वजन पडलं की मांडीचं हाड त्यावरून मागे घसरतं. तुटलेला दोर पुन्हा बांधत बसण्यापेक्षा तो उतारच काढून टाकायचा. हाडाचा वरचा भाग गोल कापायचा, फिरवायचा आणि प्लेट लावून बसवायचा. उतार गेला की दोराची गरजही संपते.

आणि शेवटचा उपाय म्हणजे पाय काढणं. हे ऐकून मालक हादरतात, प्राणी मात्र फार लवकर सावरतो. हलका कुत्रा तीन पायांवर उत्तम पळतो. चिंधड्या झालेला पाय महिनोन् महिने ठेवून त्याला वेदनेत जगवण्यापेक्षा हा निर्णय पुष्कळदा दयाळू असतो. भारी, लठ्ठ किंवा उरलेल्या पायांतही संधिवात असलेल्या कुत्र्याला मात्र तो झेपत नाही. म्हणजे वजनाचा मुद्दा इथेही येतोच.

घरातली गोळी आणि गिधाडं

लंगडणाऱ्या कुत्र्याला सर्वाधिक धोका कशाचा असतो? घरातल्या औषधांच्या डब्याचा. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही माणसाची वेदनाशामक औषधं कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. ते निचरा करून बाहेर टाकण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात पुरेशी नसते, त्यामुळे माणसाची अर्धी-एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. 'डोस कमी करून दिला' या युक्तीला इथे अर्थ नाही. प्राण्यासाठी औषधच वेगळं असतं. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखी औषधं आहेत. पण तीही वजन मोजून, रक्त तपासून आणि दुसऱ्या कुठल्याही वेदनाशामकाशी किंवा स्टेरॉइडशी न मिसळता द्यावी लागतात.

या औषधांची गोष्ट कुत्र्यापुरती थांबत नाही. भारतात एके काळी दुखऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅक सर्रास टोचलं जायचं. असं जनावर मेलं की त्याच्या मांसातून औषध गिधाडांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मरायची. १९९०च्या दशकापासून पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर आणि त्यानंतर निमेसुलाइडवरही जनावरांच्या वापरासाठी बंदी आली. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम बाजारात आहे, फार महागही नाही. त्यामुळे गोठ्यात किंवा वस्तीवर कुणी येऊन 'दुखण्याचं इंजेक्शन' देत असेल तर कोणतं, एवढं विचारायचा अधिकार पशुपालकाला आहे आणि तो वापरायला हवा.

इनामगावात पाय मोडला तर?

ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने दोन श्रेणींचे असतात. श्रेणी-१ मध्ये पदवीधर पशुवैद्य म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतो. श्रेणी-२ मध्ये पदविकाधारक असतो आणि त्यानं पशुवैद्याच्या देखरेखीखाली प्राथमिक सेवा द्यायच्या असतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. या सगळ्या व्यवस्थेची घडण गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी आहे आणि त्यात गैर काही नाही. शिरूर-दौंडचं घर दुधावर आणि शेळ्या-मेंढ्यांवर चालतं. पण त्याचा परिणाम असा की मोडलेल्या पायाचा कुत्रा जेव्हा तिथे येतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी लहान प्राण्यासाठी एक्स-रे नसतो, आणि एक्स-रेशिवाय हाड कसं मोडलंय हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून मग घरचा इलाज होतो. शेळीच्या करडाचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून कापडानं बांधायचा, हे मेंढपाळांना पिढ्यान् पिढ्या येतं. त्याची चेष्टा करण्याचं कारण नाही. गुडघ्याच्या किंवा कोपराच्या खालचं हाड, कातडी न फाटता, सरळ मोडलं असेल तर हा उपाय चालतो, कारण आधार देण्याचं तत्त्व तेच आहे. नियम एवढाच की मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधणीत यायला हवेत. हा नियम कळला की कामट्या कुठे फसतात तेही कळतं. मांडीच्या आणि दंडाच्या हाडाच्या वरचा सांधा म्हणजे खुबा आणि खांदा. ते कामट्यांत बांधता येतच नाहीत. तिथे बांधलेली पट्टी उलट मोडलेल्या जागी लोंबकळतं ओझं होते. मोडलेल्या मांडीला रॉड किंवा प्लेटच लागते. दुसरी चूक घट्ट बांधण्याची. पट्टीच्या खालची बोटं सुजली, गार पडली, वास यायला लागला तर तासाभराचाही उशीर नको. पाय मोडण्यानं जात नाही, असा आवळण्यानं जातो.

पहिल्या तासात करायचं फार थोडं आहे. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून सुती पट्टीनं त्याचं तोंड हलकं बांधायचं (श्वास लागला असेल किंवा उलटी होत असेल तर नाही). फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर उचलायचं. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही, स्वच्छ ओल्या कापडानं झाकायचं. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. आणि कुणाला दात लागलाच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस घ्यायची.

मग फोन. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे. तिचा भर दुभत्या जनावरांवर असला तरी जवळ कोण डॉक्टर आहे, कुठे न्यावं, एवढं कळलं तरी अर्धा दिवस वाचतो. पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शिकवणारे शल्यचिकित्सक असतात. मुंबईत परळला तर ही परंपरा दीडशे वर्षांची होत आली. १८८३ मध्ये दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावानं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय उभारायला मदत केली आणि तिथेच १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. महाविद्यालयांशी जोडलेल्या दवाखान्यांत खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी असतो, ही माहिती पुण्या-मुंबईतल्या मालकांनाही अनेकदा नसते.

अडचण पत्त्यांची नाही, अंतराची आहे. इनामगावपासून पुणे ऐंशी-नव्वद किलोमीटर. एसटीत जखमी कुत्रा कोण घेईल? भाड्याची गाडी करायची तर जाऊन-येऊन लागणारे पैसे शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढे. आणि एकदा जाऊन भागत नाही. टाके, पट्टी, पुन्हा एक्स-रे अशा तीन-चार खेपा होतात. म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात एक साधं एक्स-रे यंत्र आणि हाडात रॉड घालता येणारा एक डॉक्टर एवढी सोय झाली, तरी मोडलेल्या बहुतेक पायांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल. महालक्ष्मीचं एमआरआय यंत्र त्यांच्यासाठी लागतच नाही. तेच एक्स-रे यंत्र शेळी-मेंढीलाही उपयोगी पडेल, हा त्यातला फायदा सरकारी फाइलवर मांडायला सोपा आहे.

पिल्लू घेताना लागणारी किंमत

शहरातल्या आणि आता खेड्यातल्याही जातिवंत कुत्र्यांचं गणित उलटं आहे. त्यांचा सांधा पिल्लू घरी येण्याआधीच अर्धा ठरलेला असतो. अमेरिकेत 'ओएफए' ही संस्था १९६६ पासून कुत्र्यांच्या खुब्यांचे एक्स-रे तपासून प्रमाणपत्र देते. पैदाशीच्या कुत्र्याचं वय दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच अंतिम दाखला मिळतो. आपल्याकडे पिल्लू विकत घेणारा आई-बापाचा रंग विचारतो, कानांची ठेवण विचारतो, खुब्याचा एक्स-रे विचारत नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. रस्त्याच्या कडेला गाडीच्या डिकीतून लॅब्रेडोर विकला जातो तेव्हा यातलं काय पाळलं जातं, हे सगळ्यांना माहीत आहे.

पिल्लू आल्यावर दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे फक्त दूध-चपाती किंवा फक्त बिनहाडाचं मटण-चिकन. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडतं, शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि पिल्लाचे पाय वाकतात, कधी नुसत्या उडीनं मोडतात. दुसरी चूक म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगला तयार आहार चालू असतानाही वरून कॅल्शियमच्या बाटल्या पाजणं. त्या वयात त्याचं शरीर जास्तीचं कॅल्शियम रोखू शकत नाही आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. दुकानदारानं 'हाडं मजबूत होतील' म्हणून दिलेली बाटली पशुवैद्याला दाखवल्याशिवाय उघडू नये.

घरातली चकचकीत फरशीही निष्पाप नाही. घसरणाऱ्या पायांचा ताण सांध्यावर येतो. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चटई किंवा रबरी मॅटची एक वाट अंथरली तरी म्हाताऱ्या कुत्र्याच्या चालण्यात फरक पडतो. नॉर्वेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लांत खुब्याचा आजार जास्त होता आणि मऊ जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांत कमी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आणणाऱ्यानं त्याला काही महिने उचलून नेण्याची तयारी ठेवावी.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वजनाची. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास झाला. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवात उशिरा सुरू झाला. एवढा फायदा देणारं औषध अजून कुणी बनवलेलं नाही. तपासायची रीत सोपी आहे. कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा. आपल्या तळहाताच्या मागच्या बाजूवरून फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागायला हव्यात. दाबूनही लागत नसतील तर चहासोबतची बिस्किटं आजपासून बंद.

शस्त्रक्रियेनंतरचे आठ आठवडे

रॉड घातला, टाके पडले, बिल भरलं. इथून पुढचं काम डॉक्टरांचं नसतं. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात, पिल्लाचं तीन-चार आठवड्यांतही जुळतं. तोवर त्याला बंदिस्त ठेवायचं. पट्ट्याला धरून पाच मिनिटं लघवीपुरतं बाहेर, पुन्हा आत. दुखणं कमी झालं की कुत्र्याला आपण बरे झालो असं वाटतं आणि तो पळतो. पळाला की रॉड वाकतो किंवा प्लेटचे स्क्रू निघतात. पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर पुष्कळदा तिचं कारण या दिवसांतच सापडतं.

फ्लॅटमध्ये हे जमतं. खाटेचे दोन कठडे लावून कोपरा करता येतो. उसाच्या कडेच्या वस्तीवर मात्र कुत्र्याचं कामच रात्रभर मोकळं फिरण्याचं असतं. त्याला अंगणात साखळीनं बांधून ठेवलं तर बिबट्यासमोर तो पळूही शकत नाही. त्यामुळे शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या पशुवैद्याला औषधाच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. हे दोन महिने कुत्रा रात्री दाराच्या आत झोपेल का, आणि तोवर वस्तीवर राखणीला दुसरा कोण आहे?